भार जोडल्यावर

मीटरवर आकडा होता आणि स्पीकर मुका होता. झालं होतं ते एवढंच. पण तो टेबलापाशी बराच वेळ तसाच बसून राहिला, हातात पकड, चष्मा कपाळावर, भर वर्गात कुणी उठून त्याला त्याचंच नाव विचारावं तसा. स्पीकरची वायर काढली की आकडा परत डोकं वर काढी, चांगला दीड-दोन व्होल्टचा. वायर जोडली की असा बसे, की मीटरलाही तो दाखवायची लाज वाटावी. त्याने वीजपुरवठा तपासला, सोल्डर केलेले सांधे एकेक करून हलवून पाहिले, स्पीकर काढून रेडिओला लावला तर तो ठणठणीत वाजला. काही म्हणता काही तुटलेलं नव्हतं. सगळं पुस्तकात असतं तसं होतं, आणि तरी आवाज येत नव्हता. आतल्या खोलीत पलंगावर टेकून बसलेले अण्णा, त्याचे वडील, छातीशी धरलेल्या छोट्या माइकमध्ये उरल्यासुरल्या आवाजात बोलत होते, "लोखंडी कपाट... दोन दारांचं... एक वार..." जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस चाचणीसाठी दुसरं काय बोलणार! ते बोलणं दारातून जेवढं झिरपेल तेवढंच स्वयंपाकघरापर्यंत येत होतं, वायरीतून काहीच नाही. मग ते थांबले आणि म्हणाले, "आलं का रे..." "नाही आलं अजून, बघतोय, तुम्ही पडा जरा," त्याने त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देऊन टाकलं. हे त्याला चांगलं जमत असे.

अण्णांचा आवाज म्हणजे एके काळी काय चीज होती. जुन्या सामानाच्या लिलावघरात उंच स्टुलावर उभे राहून ते पुकारा करत, माइक हातात न घेता, आणि मागच्या रांगेत डुलक्या काढणारा माणूस दचकून नको ते कपाट घेऊन बसे. घरीही पट्टी तीच. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की आई म्हणायची, हळू, नाहीतर शेजारचे घेऊन येतील. एकालाच एवढा आवाज मिळाल्यावर बाकीच्यांच्या वाट्याला काय उरणार, असंही ती म्हणायची. ताईने, त्याच्या मोठ्या बहिणीने, आपला वाटा भांडून घेतला होता. त्याने मागितलाच नाही. तो कोपऱ्यात बसून रेडिओ उघडी. मागचं झाकण काढलं की आत गप्प बसलेल्या वस्तू असत, आणि एवढं सगळं गाणं, एवढ्या सगळ्या बातम्या त्या गप्प वस्तूंमधून जातात, याचं त्याला लहानपणी जे नवल वाटलं त्याच्याच आधाराने तो शिकला, आणि मग शिकवायला लागला. पंचवीस-तीस वर्षं तो तंत्रनिकेतनात ट्रान्झिस्टर शिकवत होता. इकडून इवलासा सिग्नल जातो, तिकडून मोठा होऊन येतो. पोरांना तो सांगे, यात जादू काही नाही, मोठा करायला लागणारी ताकद विजेच्या प्लगातून येते, ट्रान्झिस्टर नुसता तिची तोटी उघडझाप करतो. आणि आता गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन होऊन अण्णांचा एक स्वरतंतू कायमचा निजला होता. बोलले की शब्दांपेक्षा वाराच जास्त निघे. पायही तेव्हापासून भरवशाचे राहिले नव्हते. डोकं मात्र लख्ख. त्या लख्ख डोक्यातलं सगळं त्या एवढ्याशा फटीतून बाहेर काढताना ते दमून जात, आणि अर्ध्या वाक्यावर श्वासासाठी थांबले की तो उरलेलं अर्धं भरून देई. पाणी ना? खिडकी ना? लावतो. बहुतेक वेळा बरोबर येई. ते मान हलवत.

मग तो दिवस आला. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता, नळ धो धो चालू, आणि अण्णा पलंगावरून उतरायला जाऊन घसरले आणि खाली फरशीवर बसून त्याला हाका मारत राहिले. किती वेळ, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. तो हात पुसत खोलीत आला तेव्हा ते पलंगाला पाठ लावून शांतपणे बसले होते, हाका मारून कंटाळलेले. लागलं काहीच नव्हतं. "अरे, किती..." ते म्हणाले. "किती वेळ झाला? अहो मला ऐकूच आलं नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताई आली, पर्स खांद्यावरून न उतरवता खोलीभर फिरली आणि म्हणाली, "मी नेते अण्णांना. माझ्याकडे कुणी ना कुणी असतंच घरात. इथे तू असलास तरी नसल्यासारखाच." तो म्हणाला, त्यांना इथे सवय आहे, त्यांना इथेच बरं वाटतं. "त्यांनी सांगितलं तुला तसं?" "सांगायला कशाला पाहिजे?" मग त्याने माइकची कल्पना काढली. पलंगाशी माइक, स्वयंपाकघरात स्पीकर, मध्ये ॲम्प्लिफायर. ताई म्हणाली, बाजारात तयार मिळतं, तान्ह्या बाळांसाठी असतं, उद्या आणून लावते. "तीस वर्षं हेच शिकवतोय, आणि विकत आणू?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याच्या मानाने बराच चढला होता. घंटा लावायचीही गोष्ट निघाली, पण ती अण्णांनीच मोडून काढली. मी काय साहेब आहे का घंटा वाजवायला, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य मात्र त्यांनी पुरं केलं. ताई जाताना दारात म्हणाली, "ठीक आहे मास्तर. या महिनाअखेरपर्यंत तुझं यंत्र बोललं तर अण्णा इथे. नाही बोललं तर मी गाडी घेऊन येते. अण्णा, कबूल?" अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात हवेत हलवला. त्याचा अर्थ दोघांनीही आपापल्या सोयीने लावला.

त्याला अण्णा हवे होते. हे तो कुणाजवळ बोलला नसता, पण स्वतःशी त्याने आडपडदा ठेवला नव्हता. लग्न राहून गेलं होतं; म्हणजे कुणी नाही म्हटलं नव्हतं आणि त्यानेही म्हटलं नव्हतं, आज बघू उद्या बघू करत वय टळलं. मग आई गेली. मग संध्याकाळी दार उघडून आत आलं की आतल्या खोलीत कुणीतरी आहे, एवढ्याच गोष्टीवर त्याचे दिवस उभे होते. ते बोलोत न बोलोत. उलट ते फारसे बोलत नाहीत तेच त्याला आता सोयीचं झालं होतं. लहानपणी ज्या आवाजापुढे तो आक्रसून जाई तो आवाज आता त्याच्या पट्टीत आला होता, दोघं शेजारी शेजारी गप्प बसू शकत होते, आणि हे आपल्याला किती उशिरा मिळालं असं त्याला वाटे. तो त्यांच्या पायाला तेल लावी. नखं कापी. हे सगळं ताईच्या गजबजलेल्या घरात हरवणार, तिथे तिचा नवरा, तिच्या सुना, नातवंडं, जो तो येता-जाता त्यांची उशी नीट करणार, आणि आपण रविवारी पाहुण्यासारखं जाऊन चहा पिऊन येणार, या विचाराने तो उठून परत टेबलापाशी जाऊन बसे. म्हणून ते यंत्र बोलायला हवं होतं. म्हणून मुका स्पीकर बघून तो एवढा गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं तेच निघालं. निघालं म्हणजे पाठ्यक्रमात दर वर्षी याच सुमाराला ते येई: आउटपुट रेझिस्टन्स, म्हणजे बाहेर देताना आडवा येणारा आतला रोध, काढा. परीक्षेतला हुकमी प्रश्न. तो फळ्याकडे तोंड करून तीस वर्षांच्या सवयीने बोलत होता. इनपुट शून्य करा. लोड काढून टाका. आता आउटपुटच्या बाजूने, मागच्या दाराने, सर्किटमध्ये बघा. तिथे एक कल्पित व्होल्टेज लावा, किती करंट आत जातो ते मांडा, भागाकार करा. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा रोध फार मोठा, म्हणून सोडून द्या, उरला ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाला जोडलेला रेझिस्टर. उत्तर: कलेक्टरचा रेझिस्टर. खाली दोन रेघा. पोरं वह्यांत दोन रेघा ओढत होती. लोड काढून टाका, असं तो म्हणाला होता, आणि खडू फळ्यावर टेकलेला असताना त्याला ते वाक्य आपलं आपल्यालाच ऐकू आलं. किती वर्षं तो हे म्हणत होता. गणितात लोड, म्हणजे बाहेर जोडलेला भार, काढून टाकायचाच असतो, त्यात चूक काही नाही. पण त्याने तो प्रयोगशाळेतही काढूनच टाकला होता. आउटपुट रेझिस्टन्स मोजायचा प्रयोग पुस्तिकेत होता, नववा की दहावा. त्यासाठी लागणाऱ्या बदलत्या रेझिस्टरच्या पेट्या तो नोकरीला लागण्याआधीच कधीतरी बिघडल्या होत्या, आणि तेव्हाच्या विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, हा वगळा, डेरिव्हेशन करून घ्या, मार्क तेवढेच. तेव्हापासून पोरं सर्किट जोडत, आउटपुटला सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावत, आणि ऑसिलोस्कोप तर इतका सोवळा असतो की तो सर्किटकडून जवळपास काहीच मागत नाही, नुसता बघतो. गेन शंभर पट, दीडशे पट. वा. पुढचा ग्रुप. तीस वर्षं त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही ॲम्प्लिफायरकडून कुणी कधी काही मागितलं नव्हतं. फळ्याजवळ उभ्या उभ्या त्याला हसू आलं. "काय झालं सर?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "लिहून घ्या." पण पुढे काय लिहून द्यायचं ते त्याला पटकन आठवेना.

वर्ग सुटल्यावर तो रिकाम्या प्रयोगशाळेत गेला. दुपारचं ऊन ओळीने मांडलेल्या लाकडी स्टुलांवर पडलं होतं. त्याने कपाटातून एक बदलता रेझिस्टर शोधून काढला, गोल दांडीचा, धूळ खाल्लेला, सकाळी पिशवीतून आणलेलं घरचं सर्किट समोर मांडलं आणि इनपुटला एक बारीकसा स्थिर सूर दिला. आउटपुट मोकळं ठेवून मीटर वाचला. मग तो रेझिस्टर आउटपुटवर टांगला आणि दांडी हळूहळू फिरवायला लागला. मागणी वाढत चालली तसा आकडा उतरत चालला, एकदम नाही, शिस्तीत. आकडा बरोबर निम्म्यावर आला तेव्हा तो थांबला. पुस्तिकेतली युक्ती अशीच होती: ज्या भाराने व्होल्टेज निम्मं होतं, तेवढाच रोध आत दडलेला असतो, आत अर्धं राहतं, बाहेर अर्धं येतं. त्याने टांगलेला रेझिस्टर काढून मोजला. साडेचार हजार ओहम आणि वर थोडे. कलेक्टरच्या रेझिस्टरएवढेच. फळ्यावर आजवर शेकडो वेळा लिहिलेलं उत्तर पहिल्यांदाच त्याच्या बोटांत आलं होतं, थोडं तेलकट, थोडं कोमट. आणि स्पीकर किती ओहमचा? आठ. साडेचार हजार आत, आठ बाहेर. म्हणजे आवाज बनत होता, झकास बनत होता, पण सगळाच्या सगळा आतल्या आत खर्च होऊन दारापर्यंत येईस्तोवर चिमूटभर उरत होता. सर्किट खोटं बोलत नव्हतं. काही न मागणाऱ्याला ते दोन व्होल्ट दाखवी, आणि ते दोन व्होल्ट खरेच असत. ते उघडून बघितलं तर हा रोध कुठे वेगळा बसवलेला दिसत नाही, नकाशातही त्या नावाची वस्तू नाही. बाहेरून कुणीतरी काहीतरी मागितल्याशिवाय तो आहे की नाही हे कळायला वाटच नाही. तो स्टुलावर बसून राहिला. आता इथून माणसांकडे, घराकडे, स्वतःकडे वळणं सोपं होतं, आणि त्याचं मन वळायला लागलंही. पण त्याला असल्या तुलनांचा कंटाळा होता. पोरांनी उत्तरपत्रिकेत केल्या तर तो त्यांना लाल शाईने गोल करी. त्याने सामान पिशवीत भरलं आणि बाहेर पडताना त्याच्या मनात जे होतं त्याला सरळ आनंद म्हणावं लागेल. चूक सापडली होती. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आपल्याच विषयात काही नवीन कळावं, यासारखी मौज नाही.

पुढचे दिवस फार चांगले गेले. संध्याकाळी घरी आल्यावर तो अण्णांना चहा देई, त्यांच्याजवळ थोडं टेकी आणि मग टेबलाशी बसे. आता दुसऱ्या जातीचा टप्पा जोडायचा होता, एमिटर फॉलोअर. वर्गात या सर्किटला कुणी विचारत नसे. व्होल्टेजचा गेन एकाहून थोडा कमीच. जेवढं दिलं तेवढंच, किंबहुना जरासं कमी, परत देणारं सर्किट. पोरं म्हणत, सर, मग याचा उपयोग काय? तोही घाईघाईने 'बफर' एवढंच म्हणून पुढे जाई. पण ते मागणीला डगमगत नाही, बाहेरून ओढ लागली की मागून करंट आणून पुरा करतं, हे आता तो हाताने बघत होता. एकाने भागेना, तेव्हा त्याने एकामागे एक दोन लावले, दुसरा दणकट, पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला, कारण तो तापे. सोल्डरचा वास घरभर पसरला. आतून अण्णा मधून मधून काही बोलत. "आज बाहेर..." "नाही, आज पाऊसबिऊस काही नाही," तो मान वर न करता सांगे. "अरे, मी काय म्हणतो..." "झालंच अण्णा, एवढा सांधा झाला की आलो." दिवसा अण्णांपाशी थांबणाऱ्या मावशी पाचला निघताना दारात घोटाळत. एकदा म्हणाल्या, "सर, आजोबांशी जरा बसत जा हो." "त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं," तो हसून म्हणाला. त्यांनी टेबलावरच्या तारांच्या गुंत्याकडे पाहिलं, अस्सं म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

शनिवारी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी महिनाअखेर, ताई येणार होती. मावशी सकाळपासून आत होत्या, अण्णांचं अंग पुसणं, चादर बदलणं चाललं होतं. माइक पलंगाच्या कठड्याला आदल्या रात्रीच बांधून ठेवला होता, त्याची वायर भिंतीच्या कडेकडेने खिळे मारून स्वयंपाकघरात आणली होती. ओट्याच्या वर फळीवर स्पीकर. त्याने शेवटची दोन टोकं जोडली, हात पुसले, मीटर आउटपुटवर धरला आणि स्पीकरची वायर काढली, लावली, परत काढली, परत लावली. आकडा जागचा हलला म्हणायला हलला, बस्स. तो एकटाच मोठ्याने "आहाहा" म्हणाला. आता आत जाऊन सांगायचं, अण्णा, बोला काहीतरी, आणि धावत इकडे यायचं, असा बेत होता. त्याने आवाजाची कळ फिरवली, आणि तो दाराकडे वळण्याआधीच फळीवरून कुणीतरी श्वास घेतला.

"...इकडे ओढा जरा. हां." चादर घासल्याचा आवाज. आणि मग अण्णा, इतके जवळ, की तो चमकून मागे सरला. "तिच्याकडे रस्त्याला लागून एक खोली आहे. मोठी खिडकी आहे तिला. खाली भाजीचा बाजार भरतो, गाड्या, शाळेतली पोरं... पलंग खिडकीशी लावला ना, की मला दिवस पुरणार नाही." शब्दन् शब्द. 'स' आणि 'श' वेगळे कळत होते. त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो आनंदच, आणि ते त्याने नंतरही स्वतःपासून लपवलं नाही: काय स्वच्छ आवाज आहे, कुठे खरखर नाही, कुठे घरघर नाही, वरच्या पट्टीतलंसुद्धा सगळं येतंय. मग अर्थ आला, जरा मागाहून, जिना चढून येणाऱ्या माणसासारखा.

"मग सांगा की सरांना," मावशी म्हणत होत्या.

"कसं सांगू? बघताय ना, किती खपतोय. माझ्यासाठी करतोय." मोठा श्वास. मावशी गप्प होत्या, थांबल्या होत्या, आणि अण्णांना तो श्वास घ्यायला हवा तेवढा वेळ मिळाला. "इथे तो माझं सगळं करतो हो. नखंसुद्धा कापतो. पण बोलायला लागलो की माझं वाक्य पुरं करून टाकतो. चुकतो असं नाही, बरोबर सांगतो बहुतेक. पण मला माझं करायचं असतं ना. दिवसाचं एक तरी."

"यंत्र नाही चाललं तर उद्या नेतीलच की ताई."

"नाही चाललं तर बरं होईल," अण्णा म्हणाले. परत श्वास. मग त्यांच्या आवाजात त्याला कधी न दिसलेला एक अभिमान होता, आणि तो फळीवरून थेट त्याच्या डोक्यावर पडत होता. "पण चालणार. त्याचं चालणार. हुशार आहे तो."

त्याने कळ बंद केली. स्वयंपाकघर पहिल्यासारखं झालं. फ्रिजची घरघर, खाली कुणीतरी गाडी धुतंय. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्याला रडू आलं, आवाज न करता, सवयीप्रमाणे. राग येतो का, ते त्याने तपासून पाहिलं, नव्हता येत. त्याला एवढंच दिसत होतं की या घरात तो त्यांच्याजवळ होता, अगदी जवळ, ऑसिलोस्कोपसारखा, आणि बघून खूश होत होता. इतक्या महिन्यांत त्याने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, अण्णा, तुम्हाला काय हवंय. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का, कोण जाणे. पण विचारलं नव्हतं. त्याने दणकट ट्रान्झिस्टरच्या पत्र्याला बोट लावलं. तो अजून ऊन होता. एवढं चांगलं सर्किट त्याने आयुष्यात केलं नव्हतं. तोंड धुऊन, पुसून तो आतल्या खोलीत गेला. मावशी बादली घेऊन बाहेर निघाल्या होत्या. अण्णा नव्या चादरीवर, केस विंचरलेले, त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत त्याला आता भीती दिसली. ही भीती रोजच असणार. त्याला ती आज दिसली.

"अण्णा, नाही जमत," तो म्हणाला.

"काय नाही..."

तो थांबला. अण्णाही थांबले, सवयीने, तो पुढचं म्हणेल म्हणून. तो काही म्हणाला नाही. मग त्यांनी दम घेतला. "काय नाही जमत?"

"यंत्र. मीटरवर सगळं दिसतं, पण स्पीकर जोडला की आवाज बसतो. आउटपुट रेझिस्टन्स जास्त पडतो. मी सगळं करून पाहिलं."

"परत बघ ना," अण्णा म्हणाले, आणि हे बोलायला त्यांना किती लागलं ते त्याला आता समजत होतं. "घाई काय आहे... आज ना उद्या..." तो थांबून राहिला. "...होईल."

"नाही होणार. माझ्या आवाक्यातलं नाही ते," तो म्हणाला. "ताईला फोन करतो. उद्या गाडी घेऊन ये म्हणून सांगतो. चालेल ना तुम्हाला?"

अण्णांनी मान हलवली. मग, मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून की काय, ते म्हणाले, "चालेल." त्यांचा चेहरा इतका सैल पडला की त्याला दुसरीकडे बघावं लागलं. तो त्यांच्याच पलंगाच्या कडेवर बसून नंबर फिरवायला लागला. ताईने पहिल्यांदा ऐकून घेतलं आणि मग जी हसत सुटली, ती फोनमधून खोलीभर ऐकू येत होती. "तीस वर्षं, मास्तर! तीस वर्षं पोरांना शिकवलंस, आणि एक डबडं वाजवता येईना!" "नाही आलं गं," तो म्हणाला. "पगार परत कर त्यांना!" "बघतो." ती हसायची थांबल्यावर कामाला लागली, म्हणाली, कपडे थोडेच भर, औषधं सगळी, आणि मागची खोली मी आजच लावून घेते, शांत आहे, त्यांना झोप लागेल नीट.

"मागची नको," तो म्हणाला. "रस्त्याकडची दे. आणि पलंग खिडकीशी लाव."

"रस्त्याकडची? अरे, सकाळपासून बाजाराचा कालवा असतो तिथे. त्यांना सोसायचं नाही."

"सोसेल. तीच दे."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ताई तिकडे सुनेला खोलीबद्दल काहीतरी ओरडून सांगत होती. अण्णांनी उशीवरून मान उचलली होती. ते त्याच्याकडे पाहत होते, मग कठड्याला बांधलेल्या माइककडे, मग परत त्याच्याकडे. त्यांचे ओठ हलले, आणि पहिला वारा नुसताच निघून गेला. त्याने फोन खाली घेतला आणि वाट पाहिली.

"चालतंय म्हणजे..." अण्णा म्हणाले. त्यांनी श्वास घेतला. "...तुझं यंत्र."

"हो, अण्णा," तो म्हणाला.